गरम झाली की बंद, गार झाली की चालू: एमजीबीचा उन्हाळी आजार

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचा आजार हाच आहे का ते लगेच कळेल.

गाडी १९६६ ची एमजीबी, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्बोरेटर, पॉइंटचा (उघडझाप करून करंट तोडणाऱ्या संपर्कांचा) डेल्को, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. सकाळी पहिल्या सेल्फला उठते. जळगावात दिवसभर फिरवा, तक्रार नाही. पण एप्रिल-मेमध्ये दुपारची हायवेला काढली की चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी एक झटका, मग दुसरा, सायलेन्सरमधून दोन-चार फटाके, आणि इंजिन बंद. सेल्फ मारत राहा, इंजिन फिरतं पण पकडत नाही. निंबाच्या सावलीत अर्धा तास उभी ठेवली की काही झालंच नव्हतं अशी सुरू. तापमानाचा काटा जागेवर, ऑइल प्रेशर नेहमीएवढं, टाकी अर्ध्याच्या वर.

हे मी दोन उन्हाळे सोसलं. शेवटी निघालं ते असं की एकाच लक्षणामागे दोन वेगळे दोष होते, आणि ज्या तिसऱ्याच्या मागे मी पैसे आणि रविवार घातले तो त्यात नव्हताच.

गाडी आत्ता कडेला उभी असेल तर

बाकीचं नंतर वाचा, आधी हे करा. गाडी डांबराच्या पूर्ण खाली घ्या. सुरत-नागपूर हायवेला ट्रक अंगाला घासून जातात, आणि एमजीबी एवढी बुटकी की ती त्यांना दिसेलच याची खात्री नाही. मागे त्रिकोण लावा.

आता बॉनेट उघडून गार व्हायची वाट बघत बसू नका. गाडी गरम आहे आणि बंद आहे, ही पाच-सात मिनिटंच दोष जागेवर हजर असतो. गार झाली की तो पसार होतो, आणि मग गॅरेजमध्ये काहीही खोला, सगळं ठीकच दिसतं.

पहिलं काम कानाचं. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या उजव्या चाकाकडे कान द्या. एसयूचा इलेक्ट्रिक पंप तिथे, मागच्या ॲक्सलच्या पुढे बसवलेला असतो. चार-दोन टिकटिक होऊन तो गप्प झाला तर कार्बोरेटरच्या वाट्या (पेट्रोल साठवणारे कप्पे) भरलेल्या आहेत, पेट्रोल पोचतंय. थांबायचं नावच न घेता भराभर टिकटिकत राहिला तर तो हवा ओढतोय: टाकी रिकामी आहे, नाहीतर पंपाच्या टाकीकडच्या बाजूला कुठेतरी जोड ढिला आहे. मुळीच वाजला नाही तर दोन अर्थ निघतात. वाट्या काठोकाठ असतील, किंवा पंप अडकला असेल. तेव्हा पान्याच्या मुठीने पंपाच्या अंगावर हलकेच ठोका. ठोकल्यावर टिकटिक सुरू झाली तर पंपातले पॉइंट जळालेत, घरी गेल्यावर ते बघायचे.

दुसरं काम डोळ्यांचं. डिकीत एक जास्तीचा प्लग ठेवत जा, गॅप २५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). एका प्लगची वायर काढून ती या प्लगला लावा, प्लगचं अंग रबरी मुठीच्या पकडीत धरून हेडच्या नटावर टेकवा, आणि सोबतच्याला सेल्फ मारायला सांगा. या इंजिनात प्लग आणि डेल्को उजव्या बाजूला, तर कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड डाव्या बाजूला आहेत. त्यामुळे ठिणगी पेट्रोलच्या वाफेपासून लांब राहते, तरीही काढलेली वायर किंवा प्लग डावीकडे नेऊ नका. ठिणगी निळी, जाड, चटचट आवाजाची हवी. पिवळी, बारीक, मध्येच चुकणारी असेल तर दोष विजेचा आहे, पेट्रोलला हात लावू नका.

तिसरी खूण गाडी बंद पडताना मिळते, आणि ती बहुतेकजण सोडून देतात. १९६४ च्या अखेरीस पाच बेअरिंगचं इंजिन आलं, तेव्हापासून एमजीबीचा आरपीएम मीटर इलेक्ट्रिक आहे, इग्निशनच्या वायरवरून चालतो. गाडी गिअरमध्ये असताना, चाकांच्या जोरावर इंजिन अजून फिरत असताना, काटा एकदम शून्यावर पडला तर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या) प्राथमिक, म्हणजे बॅटरीकडच्या सर्किटमध्ये कुठेतरी तूट आहे. काटा वेड्यासारखा नाचला तर पॉइंट आणि कंडेन्सरकडे (तो काय करतो ते पुढे येईल) बघा. काटा शहाण्यासारखा वेगाबरोबर हळूहळू उतरला तर पेट्रोल कमी पडलंय, किंवा दोष कॉइलच्या पुढच्या, जास्त व्होल्टेजच्या भागात आहे. आणि धक्के सुरू झाल्याबरोबर चोक ओढून बघा. चोकने इंजिनाने क्षणभर जीव धरला तर पेट्रोल कमी. काहीच फरक नाही तर वीज.

एवढं केलंत तर अर्धं निदान रस्त्यावरच झालं.

दोन उन्हाळे कुठे गेले

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती पारोळ्याच्या अलीकडे. धुळ्याला लग्नाला निघालो होतो, दुपारचे अडीच. थांबलेल्या प्रत्येकाने एकच सांगितलं: पेट्रोल उकळतंय, वाफेने पाइप अडलाय, म्हणजे व्हेपर लॉक आहे, ओलं फडकं टाका. आम्ही पंपावर, पाइपावर, वाट्यांवर ओली फडकी टाकली. वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. झालं, निदान पक्कं.

सुरू झाली ती फडक्याने नव्हे, वेळाने. हे कळायला मला फार दिवस लागले. ओलं फडकं आणायचं, पाणी शोधायचं, ते टाकायचं, या खटाटोपात इंजिनचा प्रत्येक भाग गार होतो. पेट्रोल गार होतं, तशी कॉइलही होते, डेल्कोही होतो. कोण गार झाल्यामुळे गाडी उठली हे फडकं सांगू शकत नाही.

पण मी व्हेपर लॉक धरून बसलो. पेट्रोलच्या पाइपाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. कार्बोरेटरच्या मागचा हीट शील्ड नवीन बसवला. दोन्ही कार्बोरेटर खोलून साफ केले. पंपाचे पॉइंट बदलले. एका दुकानातून नवीन कॉइल आणली. नवीन कंडेन्सरसुद्धा टाकला, त्याच्यावर पुढे येतो. प्रत्येक कामानंतर संध्याकाळी सहाला गाडी काढून पाळधीपर्यंत जायचो, यायचो, आणि खूश व्हायचो. पाळधी जेमतेम पंधरा मिनिटांवर, आणि सहा वाजता ऊन कललेलं. जो दोष दुपारी अडीचला, पाऊण तासाने दिसतो, तो मी संध्याकाळी पंधरा मिनिटांत शोधत होतो. दुरुस्ती तपासायची तर त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावर, त्याच वेगात तपासा.

आणखी एक. एमजीबीच काय, कुठल्याही चारचाकीत एसयूसारखा पंप मागे टाकीजवळ असला, तर तो पेट्रोल पुढे ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. इंजिनवर बसवलेला मेकॅनिकल पंप गरम पाइपातून पेट्रोल ओढतो, तिथे व्हेपर लॉक जास्त होतो. म्हणजे मला मिळालेला सल्ला दुसऱ्या प्रकारच्या गाडीवरून आला होता. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता, त्यांचा अनुभवही खरा होता, पण तो या गाडीचा नव्हता.

जिभाऊ

अमळनेरला एक जुने मेकॅनिक आहेत, आम्ही सगळे त्यांना जिभाऊ म्हणतो. आयुष्य अँबॅसिडर टॅक्सीवर गेलं. एमजीबी दाखवायला नेली तेव्हा वाटलं होतं की परदेशी गाडी बघून ते हात वर करतील. त्यांनी बॉनेट उचललं, वाकून टॅपेट कव्हर, डेल्को, फॅन बघितला आणि म्हणाले, "हाई ते आपलंच इंजिन शे."

अगदी बरोबर. अँबॅसिडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच कुळातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजमधली. हिंदुस्थानात लाखो किलोमीटर टॅक्सी ज्यावर चालल्या त्या इंजिनाचीच ही थोरली बहीण. खान्देशात एमजीबी सांभाळणाऱ्याला याच्याइतका मोठा आधार दुसरा नाही. मी तोवर इंटरनेटवर इंग्लंडमधले लोक काय म्हणतात ते शोधत होतो, आणि या इंजिनाचा खरा जाणकार पन्नास-साठ किलोमीटरवर बसला होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. पाइप, पट्टी, फडकं. ते ऐकून घेत होते. मग विचारलं, बंद पडताना फटाके वाजतात का? मी म्हणालो, हो. ते म्हणाले, "भो, गाडी तपनी म्हनीसन बंद नही पडनी. ठिणगी मरी गयी व्हई. आधी ते देख." म्हणजे गाडी तापली म्हणून बंद पडली नाही, ठिणगी मेली असेल, आधी ते बघ.

कारण त्यांनीच समजावलं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन भुकेलं होतं, ठसकतं, कार्बोरेटरमधून फुसकारतं. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं आणि पुढच्या ठिणगीच्या आगीने तिथे पेटतं. फटाका मागून वाजला तर आधी वीज बघायची. ही खूण मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती.

पुढच्या रविवारी मुद्दाम दुपारी दोनला निघालो. डिकीत प्लग, पकड, दोन मगर-चिमटे लावलेली वायर आणि जिभाऊंनी त्यांच्या डब्यातून दिलेला एक जुना कंडेन्सर. एरंडोल ओलांडलं आणि आरपीएमचा काटा थरथरायला लागला. मग फटाके, मग बंद. मिनिटभरात प्लग टेकवला. ठिणगी पिवळी, केसासारखी, तीनातून एकदा येणारी.

डेल्कोचं झाकण काढून पॉइंट उघडझाप करताना बघितले. पॉइंट उघडताना त्यांच्या फटीत लख्ख निळसर-पांढरी ठिणगी पडत होती, भर उन्हातसुद्धा दिसेल एवढी. प्लगवर पडायची ती ठिणगी पॉइंटवर पडत होती.

आतला कंडेन्सर सुटा केला. जिभाऊंच्या कंडेन्सरची वायर चिमट्याने कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला लावली, त्याचं पत्र्याचं अंग दुसऱ्या चिमट्याने इंजिनला. इंजिन तेवढंच गरम, ऊन तेवढंच, फडकं नाही, पाणी नाही. सेल्फ मारला आणि अर्ध्या फेरीत सुरू झाली. धुळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

कंडेन्सर काय करतो आणि गरम झाल्यावर का मरतो

पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो. तो जितका झटकन तुटेल तितका कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज जास्त. पण वीज सहजी थांबत नाही, पॉइंटच्या उघडत्या फटीतून उडी मारायला बघते. कंडेन्सर तो धक्का पोटात घेतो, म्हणून पॉइंटवर ठिणगी पडत नाही आणि प्रवाह स्वच्छ तुटतो. कंडेन्सर मेला की पॉइंट जळतात आणि प्लगला उरतो तो उष्टा-खरकटा करंट. तो आतून शॉर्ट झाला तर पॉइंट उघडून न उघडल्यासारखे, ठिणगी अजिबातच नाही.

आत पत्र्याची आणि इन्सुलेशनची गुंडाळी असते, टोकाला जोड. जोड कच्चा असेल तर तापून प्रसरण पावला की सुटतो, गार झाला की परत टेकतो. माझा नेमका तसा होता.

घरी आल्यावर मल्टिमीटर मायक्रोफॅरडवर लावून तो कंडेन्सर टेबलावर ठेवला. ०.२१ दाखवलं. या डेल्कोच्या कंडेन्सरला ०.२ च्या आसपास हवंच असतं, म्हणजे थंड असताना पास. मग मुलीचा हेअर ड्रायर घेतला आणि एक वीत अंतरावरून गरम हवा सोडली. दीड मिनिट काही नाही. मग ०.१९, ०.१७, आणि एकदम आकडा नाचून शून्य. ड्रायर बंद केला, पंख्याखाली धरला, तीन-चार मिनिटांत पुन्हा ०.२१. दोन उन्हाळ्यांचा आजार टेबलावर, पाच मिनिटांत, हवा तेव्हा आणता येत होता आणि घालवता येत होता.

आणि हा कंडेन्सर नवीन होता. पहिल्या उन्हाळ्यातच मी तो बदलला होता, म्हणून नंतर त्याच्यावर संशयच घेतला नाही. जुना काढून नवीन टाकला की तो भाग यादीतून बाद करायची सवय आपल्याला असते. ती सोडा. नवीन भाग लावल्यावर जुना फेकू नका, कागदात गुंडाळून त्यावर तारीख लिहून ठेवा. बऱ्याचदा जुनाच चांगला असतो.

आता माझा कंडेन्सर डेल्कोच्या बाहेर, कॉइलच्या पट्टीच्या स्क्रूखाली आहे. डेल्कोच्या आत उष्णता कोंडते, बाहेर हवा लागते. विजेच्या दृष्टीने फरक पडत नाही, फक्त जिथे बसवाल तिथला रंग पॉलिश पेपरने घासून स्वच्छ पत्रा उघडा करा. अंगाला बॉडीची अर्थ मिळाली नाही तर कंडेन्सर असून नसल्यासारखा.

पॉइंट तेव्हाच बदलले. गॅप १५ थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटरच्या जवळपास. कॅमवर ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका हवा. तो नसेल तर पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं आणि इंजिन खरोखरच जास्त तापायला लागतं.

विजेच्या बाजूचे बाकीचे संशयित

कंडेन्सर बदलूनही ठिणगी मरत असेल तर कॉइल बघा. या गाडीला बॅलास्ट रेझिस्टन्स (कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा रोध) नाही, तेव्हा कॉइलच्या दोन छोट्या टोकांमध्ये ३ ओहमच्या थोडं वर यायला हवं. दीड ओहम आलं तर ती बॅलास्टवाल्या गाडीची कॉइल आहे. दुकानदार "बारा व्होल्टची आहे, चालेल" म्हणून देतो, आणि ती चालतेही, पण हाताला चटका बसेल एवढी तापते आणि पॉइंट जाळते. मी आणलेली कॉइल मोजली तेव्हा १.६ निघाली. म्हणजे दुरुस्ती करताना मीच एक नवा दोष आत घातला होता. जुनी कॉइल परत लावली.

रोटर, म्हणजे डेल्कोत फिरून प्रत्येक प्लगकडे करंट पोचवणारा तुकडा, तपासायची युक्ती सोपी. झाकण काढा, कॉइलची जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून दोरा-दोन दोरा (तीन ते सहा मिलिमीटर) अंतरावर पकडीने धरा आणि पॉइंट पेचकसने उघडा. ठिणगी पितळेवर उडी मारत असेल तर करंट रोटरमधून शाफ्टमध्ये झिरपतोय, रोटर बाद. चांगल्या रोटरवर उडी मारायला करंटला कारणच नसतं. पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेले रोटर इथेच फुटतात.

डेल्कोच्या आतली लवचिक छोटी वायर बोटाने ओढून बघा. वरचं कापडी आवरण शाबूत आणि आतली तार तुटलेली, असं होतं. पॉइंटच्या प्लेटची अर्थ-वायरही तशीच.

पॉझिटिव्ह अर्थबद्दल सावध राहा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. इलेक्ट्रिशियनला हे आधी सांगा, आणि बॅटरीजवळ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. अशा गाडीत कॉइलचं प्लस टोक डेल्कोकडे जातं. पॉइंट काढून टाकणारं इलेक्ट्रॉनिक किट घेणार असाल तर ते पॉझिटिव्ह अर्थसाठीच बनवलेलं आहे का ते विचारा. निगेटिव्ह अर्थचं किट लावून चावी फिरवली तर ते तिथेच जळतं.

मग जूनमध्ये पुन्हा बंद

कंडेन्सर बदलल्यावर महिनाभर गाडी उत्तम. मग चाळीसगावला जाताना, पुन्हा साधारण पाऊण तासाने, पुन्हा बंद. पहिल्या क्षणी मन खट्टू झालं. पण या वेळी मी नुसता ऐकत होतो, आणि आवाज वेगळा होता. फटाके नव्हते. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मागे खेचल्यासारखी, पुढून ठसका. चोक ओढला तर दहा-बारा सेकंद जीव धरला. आरपीएमचा काटा शांतपणे उतरला.

चावी ऑन केली. पंप एकदा, दोनदा कण्हल्यासारखा वाजला आणि गप्प. वाट्या भरल्या म्हणून गप्प की अडकला म्हणून? मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं तर हवा आत ओढली गेल्याचा लांबलचक 'फुस्स्स' आला, आणि त्याबरोबर पंप भराभर टिकटिकायला लागला. आठ-दहा सेकंदांत हळू झाला, थांबला. सेल्फ मारला, सुरू.

या गाडीच्या टाकीच्या झाकणात हवा जाण्याची वाट असते. पेट्रोल जेवढं कमी होईल तेवढी हवा आत यायला हवी. माझ्या झाकणातली वाट आपल्या काळ्या मातीच्या धुळीने आणि पेट्रोलच्या चिकटाने बुजली होती. पंप ओढत राहतो, टाकीत पोकळी वाढत जाते, शेवटी पंपाची ताकद संपते. उभी ठेवली की हवा फटींतून हळूहळू शिरते आणि गाडी उठते. म्हणून हा दोष उष्णतेचं सोंग घेतो. त्याचा उन्हाशी संबंधच नाही, किती लिटर पेट्रोल एका दमात संपलं त्याच्याशी आहे. गावात फिरताना आपण मध्येमध्ये थांबतो, म्हणून तिथे तो कधी दिसत नाही.

पंप असा अडकलेला असताना चावी ऑन ठेवून बसू नका. आतले पॉइंट जुळलेल्या अवस्थेत अडकले तर पंपाची कॉइल तापून जळू शकते.

झाकण रॉकेलमध्ये रात्रभर बुडवलं, सुईने वाट मोकळी केली, तोंडाने हवा ओढून खात्री केली. आता दर महिन्याला करतो. कुणाचीही गाडी 'गरम झाल्यावर' बंद पडते म्हटलं की मी आधी हेच विचारतो: झाकण उघडून बघितलंस का? त्याला एक पैसा लागत नाही.

पेट्रोल खरंच उकळतं तेव्हा

व्हेपर लॉकची मला चीड आलेली असली तरी उन्हाळ्यात पेट्रोलचा एक त्रास खरा आहे, आणि तो चालताना नव्हे, थांबल्यावर होतो. एरंडोलला चहाला दहा-पंधरा मिनिटं थांबलात की पंखा बंद, हवा बंद, आणि मॅनिफोल्डची सगळी धग वर बसलेल्या कार्बोरेटरला. वाट्यांतलं पेट्रोल उकळून इनटेकमध्ये ओसंडतं. गाडी सुरू होत नाही ती पेट्रोल जास्त झाल्यामुळे. अशा वेळी चोक ओढू नका आणि ॲक्सिलरेटर पंपासारखा दाबू नका. एसयूला ॲक्सिलरेटर पंप नसतोच, दाबून पेट्रोल वाढत नाही. पाय तळाला टेकवून धरा, हवा जाऊ द्या, सेल्फ मारा. पकडली की पाय सोडा. थांबल्याबरोबर बॉनेट उघडून ठेवलं तर हा त्रास निम्मा होतो. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधले इन्सुलेटिंग ब्लॉक आणि हीट शील्ड जागेवर हवेत. जुन्या गाड्यांत कुणीतरी ते काढून फेकलेले असतात.

इथेनॉलबद्दल. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच भरावं लागतं. ही गाडी बनली तेव्हाचं रबर त्यासाठी नव्हतं. जुनी नळी बाहेरून टणक दिसते, आतून फुगते, सोलते, आणि सुटलेली साल झडपेसारखी पेट्रोल अडवते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज चढतो. नळ्या सगळ्या बदला. इंजेक्शनच्या गाड्यांसाठी चालणारी, अंगावर 'आर९' छापलेली नळी मागा, जोडांना नीट क्लिप लावा. गाडी उभी ठेवायची असेल तर महिन्यातून दोनदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर चालवा.

आणि काटा खरोखर वर जात असेल तर तो वेगळा आजार आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, रेडिएटरमध्ये आणि ब्लॉकच्या मागच्या भागात, चौथ्या सिलिंडरभोवती, क्षार आणि गाळ साचतो. ब्लॉकच्या उजव्या बाजूला मागे पाणी सोडायचा नळ आहे. तो उघडून काहीच आलं नाही तर आत गाळ आहे, तारेने टोचून मोकळा करा आणि ब्लॉक उलट्या धारेने धुवा. पुढे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच वापरा. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळेल. काढू नका, ८२ अंशांचा आहे की नाही ते पातेल्यात पाणी तापवून तपासा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे सांगायला नको, तरी सांगतो.

डिकीतला डबा

कंडेन्सर, पॉइंट, रोटर, प्रत्येकी एक, आणि तिन्ही घरी लावून, पाऊण तास चालवून बघितलेले. न तपासलेला नवा भाग डब्यात ठेवून उपयोग नाही. फीलर गेज, जास्तीचा प्लग, मगर-चिमट्यांची दोन मीटर वायर, इंची पाने, पेचकस, पॉलिश पेपर, नळीचा हातभर तुकडा आणि दोन क्लिपा, पाण्याचा कॅन. आग विझवायचा छोटा सिलिंडर मात्र डिकीत नको, सीटच्या पुढे, हाताशी.

एक काम अजून उरलंय. इंजिन बंद, चावी ऑन असताना पंप दर वीस सेकंदांनी एक टिक देतो. वाट्या भरलेल्या असताना त्याने गप्प बसायला हवं. म्हणजे पेट्रोल कुठेतरी थेंबथेंब सुटतंय: एखाद्या वाटीची सुई नीट बसत नाही, नाहीतर पंपाची झडप पेट्रोल टाकीकडे परत सोडतेय. कार्बोरेटरखाली पेट्रोलचा वास नाही, ओल नाही, त्यामुळे माझा संशय झडपेवर आहे. रविवारी पंप काढून जिभाऊंकडे नेतोय.